सरांचा हात कानाला गेला आणि आम्ही हरलो

बसमध्ये असाल, नाहीतर आईनं सांगितलेलं काम टाळून गच्चीवर बसला असाल, तर इअरफोन नीट लावा. आज सॉफ्टबॉलच्या इशाऱ्यांचा इतिहास. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून.

मी नववीत होते. जिल्ह्याची शालेय स्पर्धा, मी कॅचर. म्हणजे क्रिकेटमधला विकेटकीपर समजा, फक्त तोंडावर जाळी आणि सतत उकिडवं बसायचं. आमचे सर फक्कीच्या रेषेबाहेर उभे राहून इशारे करायचे. नाकाला हात म्हणजे फास्ट. कानाला हात म्हणजे चेंज-अप, ज्यात हात जोरात फिरतो पण बॉल सावकाश येतो. त्यातही टोपीला हात लावल्यानंतरचा इशारा खरा, आधीचे सगळे फसवे. मी सरांकडे बघायचं आणि मांड्यांच्या मध्ये बोटं धरून पिचरला सांगायचं. एक बोट फास्ट, दोन बोटं चेंज-अप.

शेवटची इनिंग. आम्ही एका रननं पुढे, दोन आऊट, समोरच्यांच्या दोघी बेसवर. सरांनी टोपीला हात लावला, मग कानाला. तेवढ्यात मला दिसलं की बॅटर पाऊलभर पुढे सरकलीये. ती हळू बॉलचीच वाट बघत होती. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती हो, सरांना तिथून कसं दिसणार? तरी मी दोन बोटं दाखवली. बॉल थेट कंपाउंडच्या भिंतीला जाऊन लागला.

सर नंतर म्हणाले, "ती पुढे आलेली तुला दिसली नाही का?"

"दिसली होती, सर."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. हा एपिसोड त्यातूनच आलाय.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ चा, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमधला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पोरांनी गुंडाळून बांधलेला बॉक्सिंग ग्लोव्ह बॉल म्हणून वापरला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. पण इशारे आले थोरल्या भावाकडून, बेसबॉलकडून. वळणारे बॉल आले तसं कॅचरला आधी कळणं गरजेचं झालं, नाहीतर बोटं मोडायची. म्हणून कॅचर आणि पिचर यांची ही बोटांची बोली. दोघांचीच. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवायचा, कॅचर दुसरं बोट दाखवायचा. चर्चा चालू! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गुपित म्हटलं की चोर आलाच. १९०० साली फिलाडेल्फियाच्या टीमचा राखीव कॅचर मॉर्गन मर्फी लांब क्लबहाऊसमध्ये दुर्बीण घेऊन बसायचा. समोरच्या कॅचरची बोटं वाचायचा आणि जमिनीखालून नेलेल्या वायरीनं तिसऱ्या बेसजवळच्या कोचच्या पायाखाली बझर वाजवायचा. कोच मग बॅटरला सांगणार. सप्टेंबरमध्ये सिनसिनाटीच्या टॉमी कॉर्कोरननं बुटानं तिथली माती उकरली आणि पुरलेलं यंत्र सापडलं. विचार करा, वीज आपल्या घराघरांत यायला अजून कितीतरी वर्षं होती आणि हे लोक तिच्यावर चोऱ्या करत होते.

१९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनं दुर्बीण आणि बझर हाच खेळ केला. त्याच सीझनला बॉबी थॉमसननं शेवटच्या क्षणी मारलेला होमरन अमेरिकेत दंतकथा झाला आणि चोरीची पूर्ण गोष्ट छापून आली थेट २००१ मध्ये. २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजनं कॅमेऱ्यावर इशारे वाचले आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवले. तंत्रज्ञान किती पुढे गेलं बघा, दुर्बिणीपासून डब्यापर्यंत!

चोर हुशार झाले तसे इशारेही अवघड होत गेले. कॉलेज आणि मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये तर आता मनगटावर आकड्यांचा तक्ता असतो. कोच तीन आकडे ओरडतात, मुलगी लॉग टेबल बघावं तसं त्यात शोधते आणि कुठला बॉल ते कळतं. समोरच्यांना आकडे ऐकू आले तरी उपयोग शून्य, तक्ता बदलता येतो. चोख बंदोबस्त. पण त्यात कॅचरचं काम उरलं फक्त पोस्टमनचं.

मला या सगळ्यात एक माणूस फार आवडतो. ल्यूथर टेलर, जायंट्सचा पिचर, १९०० च्या दशकातला. त्याला ऐकू येत नव्हतं. त्या काळी बहिऱ्या खेळाडूला सर्रास 'डमी' म्हणायचे, तेच नाव त्याला चिकटलं. पण मॅनेजर जॉन मॅकग्रॉनं काय करावं? तो स्वतः हातांची भाषा शिकला, टीमही शिकली, आणि मॅचमध्येही ती वापरली. १९०४ मध्ये टेलरनं २१ मॅच जिंकल्या. नाक-कानाच्या इशाऱ्यात फक्त हुकूम देता येतो. त्यांच्याकडे अख्खी भाषा होती, म्हणजे टेलर उलट उत्तरही देऊ शकत होता!

कानात यंत्र घालण्याची कल्पना आपल्या क्रिकेटमध्येही येऊन गेली. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये भारताविरुद्ध हॅन्सी क्रोनिए इअरपीस लावून उतरला होता, दुसऱ्या टोकाला कोच बॉब वूल्मर. मॅच रेफरीनं ते काढायला लावलं. बेसबॉलच्या मेजर लीगनं मात्र २०२२ मध्ये पिचकॉम अधिकृत केलं. कॅचर बटण दाबतो, पिचरच्या टोपीत आवाज येतो. २०२३ पासून पिचरही बटण दाबू शकतो. म्हणजे निर्णय मैदानातल्या दोघांकडेच. आणि अमेरिकेतल्या शाळांच्या बेसबॉलमध्ये? २०२४ पासून यंत्र चालतं, पण कोचकडून कॅचरकडे. एकतर्फी. कोट्यवधी कमावणाऱ्यांना मान हलवता येते आणि शाळेतल्या पोरांनी फक्त ऐकायचं. मला हे उलटं वाटतं.

कोचची बाजूही खरी आहे, बरं का. बारा वर्षांच्या मुलीचा चुकीचा कॉल मैदानभर दिसतो. कॉल कोचचा असला की बोलणी कोच खातात, तिच्या डोक्यावरचं ओझं जातं. मी हरले त्या दिवशी सर मला ओरडले नाहीत, फक्त 'मग' म्हणाले.

आता रविवारी मी मुलींच्या एका टीमला मदत करते. तिथे आम्ही उलटा इशारा ठेवलाय. कॅचरनं ग्लोव्ह दोनदा जमिनीवर आपटला की अर्थ असा, ताई, मला काहीतरी वेगळं दिसतंय. मग निर्णय तिचा. मागच्या रविवारी सहावीतल्या एका पोरीनं पहिल्यांदा आपटला. मी चेंज-अप सांगितला होता, तिनं फास्ट मागवला. बॉल इतका बाहेर गेला की बॅटर फुकटात बेसवर. पोरगी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी टोपीला हात लावला, पुढचा इशारा दिला. तिनं परत ग्लोव्ह आपटला.

तर मंडळी, तुमच्या टीमचे इशारे काय होते, व्हॉइस नोटवर पाठवा. चालू सीझनचे नकोत हं, समोरची टीमही ऐकत असेल.