शिस्त, माशी आणि दुर्बीण

दुर्बीण बसविलेल्या बंदुकीच्या कडेस साधी लोखंडी माशी व खांच तिरकी बसवावी काय, आणि बसविल्यास ती कशी निवडावी, हा आजच्या नेमबाजांचा प्रश्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकास त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु जुन्या बंदुकांचा संग्रह करणारास हा प्रश्न नवा वाटूं नये. मावळांत सन १७७९ च्या आरंभीं ज्या दोन तऱ्हेच्या बंदुका समोरासमोर आल्या, त्यांतील एक मुख्य भेद याच माशीचा व खांचेचा होता.

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘शिस्त’ या फारसीवरून आलेल्या शब्दाचा अर्थ आपण आज वर्तणुकीचें वळण असा करतों. जुन्या मराठींत मात्र बाणाचा किंवा बंदुकीचा नेम असाही त्याचा अर्थ होता. शिस्त धरणें म्हणजे नेम धरणें. ही शिस्त ज्या उंचवट्यावरून धरावयाची तो नळीच्या तोंडाजवळील लहानसा दाणा म्हणजे माशी. माशी व मागील खांच यांच्या रेषेंत लक्ष्य आणलें म्हणजे शिस्त जमली. जुने कागद वाचतांना या दोन्ही अर्थांचें भान ठेवावें लागतें, नाहीं तर नेमाच्या जागीं कवायत वाचली जाते.

आतां प्रसंग पाहूं. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्याच्या हेतूनें मुंबईकर इंग्रजांची फौज सन १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजा तिच्यासमोर होत्या, आणि भिवराव पानसे यांचा तोफखाना तिला मार्गांत सतावीत होता. ता. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. आपल्या लोकांनीं त्याच्या धाडसाचें कौतुक करून त्यास ‘इष्टुर फांकडा’ म्हटलें. झाडावर चढून तो मराठी फौजेची टेहळणी करीत होता, असें परंपरा सांगते. तो पडला तो तोफेच्या गोळ्यानें. म्हणून त्याच्या मृत्यूचें श्रेय कोणा बंदूकवाल्याच्या शिस्तीस देतां येणार नाहीं. पुढें इंग्रज फौज तळेगांवाहून माघारी फिरली, वडगांवास कोंडली गेली आणि त्याच महिन्यांत तिला तह करावा लागला.

या फौजेच्या चकमकीच्या बंदुकीस मागील खांच नव्हती. नळीच्या तोंडावर संगीन अडकविण्याचा जो ठोकळा असे, तोच माशीच्या जागीं उपयोगी पडे. ही बंदूक रांगेनें एकदम बार काढण्यासाठीं होती. एकट्यानें शिस्त धरण्यासाठीं नव्हे. उलट आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीची नळी लांब, तिच्यावर मागें खांच व पुढें माशी. कित्येक नळ्यांचें तोंड वाघाच्या मुखाचें घडविलेलें आढळतें. बार काढण्यास ती मंद खरी. पावसांत तोडा विझे. पण डोळ्यास ती आधार देई. या लांबीचें महत्त्व साध्या हिशेबानें कळतें. माशी व खांच यांत १ मीटर अंतर असतां १ मिलिमीटर चूक झाली, तर १०० मीटरवर १० सेंटिमीटर फरक पडतो. अंतर निम्मे असतां तीच चूक २० सेंटिमीटर होते.

पुढें नळींत आटे आले, नेम सुधारला, आणि दुर्बीण आली. सन १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत इंग्रजी रायफलीवर दुर्बीण डाव्या बाजूस सरकवून बसवीत; कारण वरून काडतुसें भरण्याची वाट मोकळी राहावयास हवी होती. त्यामुळें लोखंडी माशीही कामास मोकळी राहिली. पण दुर्बिणीची रेषा नळीच्या बाजूस पडली, आणि लोखंडी पत्र्यांतील अरुंद छिद्रांतून पाहतांना ती अडचणीची ठरली. हेस्केथ-प्रिचर्ड यानें सन १९२० च्या आपल्या पुस्तकांत या बसवणीवर टीका केली आहे.

आजची तऱ्हा याच्या उलट आहे. दुर्बीण नळीच्या माथ्यावर असते. माशी व खांच कडेस ४५ अंश कलती असतात. उजव्या हाताच्या नेमबाजानें ती उजव्या बाजूस बसवावी, म्हणजे दस्ता खांद्यावरून न हलवितां बंदूक डावीकडे कलती केली कीं माशी सरळ उभी राहते व तिची रेषा पुन्हां नळीच्या बरोबर माथ्यावर येते. निवडतांना पाहावें तें इतकेंच: बैठक घट्ट असावी, माशी व खांच यांत शक्य तितकें अंतर असावें, हाताच्या कामाच्या आड तीं येऊं नयेत, आणि त्यांचा नेम दुर्बिणीहून निराळा तपासलेला असावा. दुर्बिणीच्या कांचेवर धुकें वा चिखल बसला, अथवा लक्ष्य अगदीं जवळ आलें, कीं हाच जुना आधार उपयोगी पडतो.

संग्राहकांस विनंति आहे कीं, तोड्याच्या बंदुकीचें वर्णन नोंदतांना चांदीचें काम, दस्ता व नक्षी यांजबरोबर खांचेचा आकार, माशीची उंची आणि दोहोंमधील अंतर हींही नोंदावीं. शोभा सारेच लिहितात. शिस्त कोणी लिहीत नाहीं. बंदूक कशासाठीं घडविली हें मात्र शिस्तच सांगते.