तगरच्या बैलगाड्या

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे गाव मराठी माणसास ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे म्हणून. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ज्या ‘तगर’ नामक मोठ्या नगराचा उल्लेख येतो, ते हेच होय. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ही ओळख सप्रमाण मांडली.

भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तगर आणखी दहा, असे हा ग्रंथकार सांगतो. जाडेभरडे कापड, मलमल असा तगरचा माल गाड्यांत भरून, जेथे धड रस्ताही नाही अशा मुलखांतून भडोच बंदरास जाई. म्हणजे महिन्याभराची वाटचाल! बैलांची वैरण, मोडलेला आस, वाटेतले नदीनाले यांविषयी तो अवाक्षर काढीत नाही. त्याला मालाशी कर्तव्य. विणकर आणि गाडीवान निनावीच राहिले.

नगराचे स्वामित्व मात्र भलत्यांनीच मिरविले. राज्य समुद्रकाठी असूनही कोकणचे शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत असत.

गावकऱ्यांची मत्ता उरली ती मातीच्या पोटात: मणी, शंखाच्या वस्तू, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि पाँपेई येथील प्रसिद्ध मूर्तीची आठवण करून देणारी एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. अशा हजारो वस्तू गावातीलच एक व्यापारी रामलिंगाप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमविल्या. त्यांच्याच नावाच्या तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या आज पाहावयास मिळतात.