फोटो खराब की प्रिंट खराब?

गेवराईत एका घरी मला 1972 च्या दुष्काळातला फोटो दाखवला. खडी फोडणारी माणसं. फोटो जेमतेम सहा सेंटिमीटरचा, आभाळ पांढरंफटक, पटक्या-पदराखाली चेहरे काळेठिक्कर. "कॅमेराच साधा होता हो," घरचे म्हणाले. मीही वहीत तेच लिहून मोकळा झालो असतो. पण अल्बमच्या पाकिटात निगेटिव्ह सापडली.

तुम्ही म्हणाल, निगेटिव्हमध्ये जास्तीचं काय असणार? बरंच असतं. 120 च्या रोलवरची सहा बाय सहाची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे. स्वस्तात काम व्हायचं. पण उजेड-सावलीचा जेवढा पल्ला फिल्मवर मावतो तेवढा कागदावर मावत नाही. एन्लार्जरवर मोठी प्रिंट काढताना कारागीर चेहऱ्यापुरता हाताने उजेड अडवायचा, म्हणजे चेहरा उजळ यायचा. छोट्या प्रिंटचे एवढे लाड कोण करणार! निगेटिव्ह उजेडावर धरली तेव्हा कडेचं एक 'माणूस' दहा-बारा वर्षांचं पोर निघालं. कामावर कोण होतं, हाच तर माझा प्रश्न आहे.

उलटंही घडतं. गेवराई निजामाच्या राज्यात होती तेव्हा लाला दीनदयाळ हे निजामाचे फोटोग्राफर. त्यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्या काळचा अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा, काचेखाली ठेवून उन्हात छापत. काळा होत गेलेला भाग स्वतःच खालच्या थराला उजेडापासून झाकायचा, त्यामुळे सावलीतले बारकावे टिकायचे. म्हणून निगेटिव्हही मुद्दाम भडक करत. तीच काच आजच्या ब्रोमाइड कागदावर साधेपणी छापली, तर चित्र रखरखीत येतं. दोष दीनदयाळांचा नाही!

तुमच्या घरीही पत्र्याच्या पेटीत निगेटिव्ह असतील. मोबाइलवर कोरी पांढरी स्क्रीन लावा, निगेटिव्ह तिच्यापासून दोन-तीन बोटं वर धरा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके दिसतात. चकचकीत बाजू तुमच्याकडे. नाहीतर दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतील. दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून रंग उलटे करा. आणि हो, निगेटिव्ह कडेलाच धरा, बोटांचे ठसे जात नाहीत.