वाशिष्ठीच्या खाडीतील होडी : एक विस्मृत इतिहास

लोटे हे माळावरचे गाव आहे. उत्तरेस खेडची जगबुडी आणि दक्षिणेस चिपळूणची वाशिष्ठी, या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर ते वसलेले आहे. अशा गावातील एका निवृत्त शिक्षकाने होडीचा इतिहास लिहावयास घ्यावा, हे कित्येक ज्ञातिबांधवांस नवलाचे वाटेल. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाने घरातील वडील मंडळींस एक प्रश्न विचारून पाहावा : आपल्या कुटुंबातील पहिला पुरुष चाकरीसाठी मुंबईस गेला, तो कोणत्या वाटेने गेला? बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल : डोक्यावर वळकटी घेऊन तो गोवळकोटच्या बंदरावर उतरला, होडीत बसला व खाडीने दाभोळास गेला. आपल्या ज्ञातीचा मुंबईतील संसार त्या होडीतून गेलेला आहे. तेव्हा तिचा वृत्तांत या स्मरणिकेत नमूद करणे हे एक प्रकारचे ऋण फेडणेच होय.

प्रथम खाडीविषयी. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावून चिपळूणवरून पश्चिमेकडे वाहते, वाटेत जगबुडीस पोटात घेते व दाभोळजवळ समुद्रास मिळते. या मुखावरील दाभोळ बंदर बहामनी व आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदरांपैकी एक होते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच बंदरातून स्वदेशाकडे परत निघाला. वार्थेमा व बार्बोसा या युरोपीय प्रवाशांनीही दाभोळचे वर्णन करून ठेविले आहे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा याने हे शहर जाळून बेचिराख केले. पुढे १६६० च्या सुमारास ते शिवछत्रपतींच्या अमलाखाली आले. मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड आणि आत चिपळूणजवळ गोवळकोट, असे दोन किल्ले या जलमार्गावर पहारा करीत. हे दोन्ही किल्ले १७४५ साली तुळाजी आंग्रे यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीकडून जिंकले. खाडी ज्याच्या हाती, त्याच्या हाती घाटावरचा व्यापार, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. देशावरील माल कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरे व गोवळकोटहून होड्यांत, पडावांत भरून दाभोळाकडे जाई. परतीच्या खेपेस मीठ, खारी मासळी, नारळ, खजूर असा माल वर येई.

बखरी आणि दप्तरे यांत गलबते व तोफा यांची नोंद सापडते, लहान होडीची सापडत नाही. वास्तविक मोठी गलबते दाभोळासच थांबत. तेथून आत, गावोगावच्या धक्क्यापर्यंत माणूस व माल पोहोचविणारी ती होडी. एका अखंड खोडास पोखरून केलेली डोण हे तिचे अतिप्राचीन रूप होय. आंबा, उंडी यांसारख्या झाडांचे खोड त्यासाठी निवडीत. पुढे फळ्या जोडून केलेल्या मोठ्या होड्या आल्या. भोई, खारवी, दालदी इत्यादी समाजांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. वल्हे, सुकाणू, शीड, डोलकाठी, नाळ, नांगर हे शब्द त्यांच्या घरात लहान मुलांच्या तोंडी असत. तांडेल व नाखवा हे शब्द तर आडनावे होऊन बसले आहेत.

या विद्येचा गाभा म्हणजे भरती-ओहोटीचे गणित. खाडीतील होडी ही मुख्यत्वेकरून पाण्याच्या ओढीवर चाले, आणि वल्हे त्या ओढीस साह्य करी. गोवळकोटहून निघावयाचे ते ओहोटी लागताच, आणि परतावयाचे ते भरतीबरोबर. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांसमवेत दाभोळास गेलो होतो. धक्क्यावर बराच वेळ तिष्ठत बसावे लागल्यामुळे आजोबांनी विचारले, "नाखवा, केव्हा सोडणार?" तो वृद्ध नाखवा शांतपणे उत्तरला, "आज अष्टमी, भाऊ. मुखावर सहाला पाणी भरेल. इथे यायला त्याच्याही मागून. पाणी फिरले की सोडतो." आजोबांनी मला नंतर त्यातील मर्म समजावून दिले. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीचा भर किती वाजता येईल, ते निघते. अष्टमीस आठ पाऊणे सहा, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस सव्वाअकरा. तोच भर बारा-साडेबारा तासांनी पुन्हा येतो. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे दोन घटका पुढे सरकते, हे शास्त्र या आडाख्याच्या बुडाशी आहे. आमचे जुने पंतोजी आम्हांकडून पाऊणकी घोकून घेत, परंतु ती कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितले नाही. ज्याने शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्या नाखव्यास मात्र ते ठाऊक होते.

आगबोटी आल्यावरही होडीचे महत्त्व कमी झाले नाही. मुंबईहून किनाऱ्याने येणाऱ्या आगबोटींच्या उतारूंस गावोगाव नेणे-आणणे हे काम होडीनेच केले. पावसाळ्यात आगबोटी बंद पडत, आणि कोकणचा मुंबईशी संबंध जवळजवळ तुटे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना तरुणपणी परीक्षेसाठी मुंबईची बोट मिळेना, म्हणून मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत चालत जावे लागले, ही कथा आपणा सर्वांस परिचित आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. तेव्हापासून पुष्कळ घरांत पाण्याच्या प्रवासाची धास्ती बसली. पुढे एस.टी.च्या गाड्या आल्या, मुंबई-गोवा महामार्ग झाला, नद्यांवर पूल झाले आणि १९९८ साली कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावू लागली. माणसे सुखाने प्रवास करू लागली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गोवळकोटचा धक्का ओस पडला.

खाडीचे पाणीही पूर्वीचे राहिले नाही. १९६० नंतरच्या दशकात कोयनेच्या जलविद्युत् प्रकल्पाचे अवजल वाशिष्ठीत येऊ लागले व एरव्ही उन्हाळ्यात क्षीण होणारी नदी बारमाही झाली. त्यानंतर आमच्या लोटे-परशुरामच्या माळावर रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. तिने अनेक घरांत चूल पेटविली, हे मी नाकारीत नाही. माझे कित्येक विद्यार्थी तेथे पोटास लागले. परंतु वसाहतीचे सांडपाणी अखेर खाडीसच मिळते. मासे मरून तरंगू लागल्याच्या तक्रारी खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यात वाळूचा उपसा व गाळाचा भर पडला. ज्याची मासळी गेली, त्याची होडी गेली, आणि होडी गेली की विद्याही गेली.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. कोलंबसाच्या खलाशांनी कॅरिबियन बेटांवर पोखरलेल्या खोडाच्या होड्या पाहिल्या. तेथील लोकांच्या बोलीतील नाव युरोपात जाऊन त्याचे 'कनू' झाले. म्हणजे कनू ही आपल्या डोणीचीच सख्खी बहीण होय. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टराने 'रॉब रॉय' नावाची लहानशी होडी बांधून तीतून युरोपातील नद्यांचा एकट्याने प्रवास केला, आणि पुढील वर्षी, १८६६ मध्ये, लंडनला कनू क्लब स्थापन झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून या क्रीडेस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळा-मुठेच्या पाण्यात विद्यार्थ्यांस वल्हे शिकवीत आला असून त्याचा रेगाटा पाहण्यास पुणेकर गर्दी करतात. सांगलीस कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, त्याही प्रसिद्ध आहेत. सर्वांत विस्मयकारक उदाहरण दत्तू भोकनळ यांचे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या अवर्षणग्रस्त गावात जन्मलेला, विहिरी खोदण्याचे काम केलेला हा तरुण सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. ज्या गावात पाणी नाही, तेथील मुलगा वल्ह्याने जग पाहतो, आणि आमच्या खाडीकाठच्या मुलांस वल्हे धरता येत नाही! याचा दोष कोणाचा?

त्या दोषातील माझा वाटा येथे सांगितला पाहिजे. मी खाडीकाठच्या एका शाळेत शिक्षक असताना सातवीच्या वर्गातील एक मुलगा वारंवार गैरहजर राही. बापाबरोबर होडीवर जातो, असे कळले. मी त्यास सर्व मुलांसमक्ष उभे करून म्हणालो, "वल्हे मारून कोणाचे कल्याण झालेले नाही. नाही शिकलास, तर जन्मभर चिखलातच राहशील." मुले हसली. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि त्या वर्षानंतर शाळेत आला नाही. मला त्याचे विशेष काही वाटले नाही. त्याच्या हिताचेच बोललो, अशी माझी समजूत होती.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणास महापूर आला. तिथी आषाढ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून पावसाचा लोंढा व खालून भरती, अशा कात्रीत बाजारपेठ सापडली. वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला, परशुराम घाटात दरडी आल्या, दूरध्वनी बंद पडले. माझी विधवा धाकटी बहीण त्या शहरात एकटी राहते. मी लोट्यास असूनही तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हतो. ती रात्र कशी काढली, ते परमेश्वरास ठाऊक. तिसऱ्या दिवशी निरोप आला की, ती सुखरूप आहे. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून तिला कोणीतरी होडीत उतरवून घेतले. तो 'कोणीतरी' म्हणजे माझा तोच विद्यार्थी होता. आपली होडी घेऊन त्याने त्या दिवशी अनेक माणसे बाहेर काढली होती.

रस्ता खुला होताच मी त्याच्या घरी गेलो. त्याने पाया पडून मला बसविले. त्या जुन्या प्रसंगाचा त्याने उल्लेखही केला नाही, तेव्हा मीच तो काढला व क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "गुरुजी, ते कशाला आता? तेरा पाऊणे पावणेदहा. त्या वेळी पाण्याची ओढ जरा मंदावली, म्हणून मला आत शिरता आले. ओहोटी लागल्यावर गल्लीतून होडी आवरली नसती." मी काहीच बोलू शकलो नाही. पुराच्या दोन दिवसांनंतर गुरुपौर्णिमा होती. त्या वर्षी गुरू कोण व शिष्य कोण, याचा मला पुरता बोध झाला.

हा इतिहास येथे सांगण्याचा हेतू केवळ स्मरणरंजन हा नव्हे. आज दाभोळ-धोपावे मार्गावर मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आहे, आणि वाशिष्ठीतील मगरी पाहण्यास होडीतून पर्यटक जातात. म्हणजे खाडीचा जलमार्ग अजून पुरता मेलेला नाही. आपल्या ज्ञातिसंस्थेने या कामी तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली, वृद्ध नाखव्यांकडून होडीचे शब्द, आडाखे व बांधणीची माहिती त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावी. दुसरी, मे महिन्याच्या सुट्टीत मुलामुलींस पोहणे व वल्हे मारणे शिकवावे, आणि ते शिकविण्यास खाडीकाठच्या जाणत्या माणसांसच योग्य मानधन देऊन बोलवावे. तिसरी, प्रत्येक पावसाळ्यापूर्वी एक चांगली होडी व जीवरक्षक जाकिटे सज्ज ठेवावीत. खाडीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून झगडणाऱ्या मच्छीमारांच्या पाठीशी उभे राहणे, हे तर या तिहींच्याही आधीचे कर्तव्य आहे. कारण पाणीच विषारी झाले, तर शिकवावयाचे कोठे?

माझ्या पिढीने मुलांस पाण्यापासून दूर नेले आणि त्यालाच प्रगती मानले. नव्या पिढीने पुस्तक न सोडता वल्हे हाती घ्यावे, एवढीच इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतो. इत्यलम्‌.

— एक निवृत्त शिक्षक, लोटे