दोन बोटींनी अमेरिकेला

आपल्या ओळखीतल्या प्रत्येक चार घरांपैकी एका घरातले तरी एखादे जोडपे आज परदेशात असते. लग्न झाले, व्हिसा आला, दोघे एकाच विमानात बसले आणि आठवड्याभरात तिथल्या स्वयंपाकघराचे फोटो घरच्यांच्या फोनवर आले, असा हा क्रम आता सवयीचा झाला आहे. मराठी जोडप्यांच्या परदेशवासाची सर्वांत गाजलेली हकीकत मात्र अशी नव्हती. त्यात बायको आधी एकटी गेली आणि नवरा दोन वर्षांनी पोहोचला. ती गेली पश्चिमेच्या वाटेने, तो गेला पूर्वेच्या. आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांची ही गोष्ट आपण शाळेत 'पहिल्या महिला डॉक्टर' या धड्यात वाचलेली असते. इथे आम्हांला त्यातल्या डॉक्टरकीपेक्षा संसाराविषयी थोडे बोलायचे आहे.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळरावांच्या घरात आली आणि आनंदी झाली. गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, आणि बायकोला शिकवायचेच या ध्यासाने झपाटलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही हे दुःख पुढे त्यांच्या शिक्षणाचे कारण ठरले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी बायकोला शिकवणारा हा माणूस लोकांच्या कुचेष्टेचा विषय झाला. कोल्हापूरला असताना त्यांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ख्रिस्ती व्हा, असा सल्ला आला आणि तो त्यांनी मानला नाही. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना तो अंक चाळला. डॉक्टरने त्यांना लगेच आत बोलावले असते तर पुढचे काय झाले असते, हा विचार आमच्या मनात नेहमी येतो!

कार्पेंटरबाई आणि आनंदीबाई यांची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. परक्या देशात पाय ठेवण्याआधी तिथे नाते तयार झाले, ही गोष्ट आम्हांला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते. आजही परदेशी जाणाऱ्याला आपण आधी हेच विचारतो, 'तिथे आपलं कोण आहे?'

दोघांनी एकत्र जायचे ठरले होते, पण जमले नाही. गोपाळरावांवर आई आणि धाकटे भाऊ अवलंबून होते. शेवटी त्यांनी बायकोला एकटीला पाठवायचे ठरवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगालमधले) कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले आणि लोक विचारत असलेल्या प्रश्नांना एकामागून एक उत्तरे दिली. अमेरिकेलाच का? एकटी का? जात वाळीत टाकेल त्याचे काय? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी तिथे जाहीर केले. सोन्याच्या बांगड्या विकून भाड्याची सोय झाली. ७ एप्रिलला 'सिटी ऑफ कलकत्ता' ही बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना नुकतेच अठरावे संपले होते.

रोझेलचा उन्हाळा सुखाचा गेला. मावशीच्या घरी त्यांना मुलीसारखे वागवले गेले. खरा परदेश सुरू झाला तो शरद ऋतूत, फिलाडेल्फियात. पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचल बॉडली यांनी त्यांना आपलेसे केले, पण खोलीतली थंडी काही डीनबाईंच्या हाती नव्हती. शेगडी धुरकटे, ती विझवावी तर हात गोठत. अन्न शाकाहारी, तेही बहुधा स्वतः रांधायचे, वर दिवसभर अभ्यास. पहिल्याच हिवाळ्यात त्या घटसर्पाने आजारी पडल्या. आज आपण मुलांच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि कुकर कोंबतो त्यामागे आईची जी काळजी असते, ती काळजी करणारे त्यांच्या जवळ कोणी नव्हते.

पोशाखाचा प्रश्न तर फारच बोलका आहे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. बर्फात ते निभेना, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्याशा बदलासाठीही त्या नवऱ्याला पत्राने कळवत होत्या, आणि तिकडून कौतुकाऐवजी बोल येत होते. पाठवलेल्या फोटोतल्या पदरावरूनही गोपाळरावांनी खोचक लिहिले. हाताशी घालवलेली वर्षे एक आणि सात समुद्रांपलीकडची बायको दुसरी, हे त्यांना पेलवत नव्हते असे आमचे मत आहे. आपल्या पिढ्या इथे दांडेली-जोयड्याकडे आल्या तेव्हा भाषा बदलली, बाजार बदलला, पण साडी नेसायची कशी हे कोणी पत्राने विचारले नसेल.

याच काळात आनंदीबाईंनी गोपाळरावांना लिहिलेले एक पत्र आपल्या शालेय धड्यात नसते. दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळे त्यांनी त्यात शांतपणे नोंदवले. तुमचे वागणे चांगले होते की वाईट हे ठरवणे अवघड आहे, असेही म्हटले. शिकवले त्यानेच, मारलेही त्यानेच. हे लिहायला फिलाडेल्फियाचे अंतर लागले. कल्याणला किंवा श्रीरामपूरला त्या हे लिहू शकल्या असत्या का, याची आम्हांला शंका वाटते. परदेशाने या जोडप्याला दिलेला सर्वांत नवा अनुभव कदाचित हाच होता.

मग गोपाळराव स्वतः निघाले. नोकरी सोडून ब्रह्मदेश, जपान करत ते पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि १८८५ साली पत्नीपाशी पोहोचले. वाटेत आणि तिथेही ते व्याख्याने देत राहिले. ज्या समाजाच्या मदतीवर बायको शिकत होती, त्याच समाजावर, त्याच्या मिशनऱ्यांवर आणि त्याच्या चालीरीतींवर ते तोंडसुख घेत. यजमान अवघडले. त्यांच्या टीकेत तथ्य मुळीच नव्हते असे नाही. परक्यांनी आपल्या धर्माला सतत कमी लेखलेले कोणाला आवडेल? पण परीक्षेच्या तयारीत असलेल्या बायकोची अडचण त्यांच्या लक्षात आली नाही, किंवा आली तरी त्यांनी ती मानली नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली. प्रबंध होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जागाही ठरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पतिपत्नी एकाच बोटीने परत निघाले. आयुष्यातला एकत्र असा हा एवढाच दूरचा प्रवास, आणि तोही क्षयाने पोखरलेल्या शरीराचा. कोल्हापूरचे काम त्यांना सुरू करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस पुरे होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

गोपाळराव पुढेही गोपाळरावच राहिले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेणाऱ्यांची नावे त्यांनीच प्रसिद्धीला दिली, आणि टिळक-रानड्यांसकट अनेकांवर ग्रामण्याचे संकट आणले. पुढे स्वतः ख्रिस्ती झाले आणि थोड्याच काळात परतही आले. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली आनंदीबाईंचे चरित्र लिहिले ते पत्रांच्या आधारे, म्हणून तर हा संसार आपल्याला इतक्या जवळून दिसतो.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या आहेत. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यांची ओळख तिथल्या दगडावर कोरलेली आहे.