‘समजलं ना आजोबा?’ : हार्ट फेल्युअर आणि पंधरा प्रश्नांचा पेपर

डिस्चार्जच्या वेळचं दृश्य डोळ्यासमोर आणा. सिस्टर भराभर सांगतायत: मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या वेळेवर, रोज वजन करा. "समजलं ना आजोबा?" आजोबा मान डोलावतात. आता त्या मान डोलावण्यातून नक्की काय कळलं? आजची गोष्ट याचीच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप कमजोर होतो, अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाचं औषध अशा अंग सुजलेल्या पेशंटना देऊन त्याच्या नोंदी छापल्या. पुढे बराच काळ हिशोब डॉक्टरच्याच बाजूने चालला: डोस किती, नाडी किती.

१९७१ मध्ये डोरोथिया ओरेम या अमेरिकन नर्सने पुस्तक लिहून वेगळी मांडणी केली. माणूस स्वतःची काळजी स्वतःच घेत असतो. तो जिथे कमी पडतो, तिथे नर्सचं काम सुरू होतं. हार्ट फेल्युअरला हे अगदी लागू पडतं, कारण पेशंट डॉक्टरसमोर असतो दहा मिनिटं आणि बाकी सगळा वेळ घरी.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमधून आकडे आले. सत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले २८२ पेशंट. निम्म्यांना नर्सच्या पुढाकाराने शिकवणं, आहाराचा सल्ला, घरी पाठपुरावा. ९० दिवसांत नेहमीच्या गटात ९४ वेळा पुन्हा ॲडमिशन झाली, या गटात ५३ वेळा. झालं, सगळे म्हणाले, शिकवा!

पण शिकवलेलं डोक्यात शिरतं का? १९९९ मध्ये ओरेगनमधल्या ११३ पेशंटचा अभ्यास छापून आला. बहुतेकांना माहिती दिलेली होती. तरी दहापैकी चार जणांना रोज वजन करण्याचं महत्त्वच माहीत नव्हतं, आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांना वाटत होतं की भरपूर पाणी प्यायला हवं. म्हणजे बरोब्बर उलटं!

मग २००५ मध्ये नेदरलँड्सच्या मार्त्ये व्हान डेर वाल, टिनी यार्स्मा आणि सहकाऱ्यांनी पंधरा प्रश्नांचा पेपर काढला. पर्याय दिलेले, बरोबर उत्तराला एक मार्क. आजार, पथ्यपाणी, लक्षणं. मला आवडतो तो वजनाचा 'का'वाला प्रश्न. 'रोज वजन करा' हे कुणीही पाठ करेल. पण तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे, हे कळलेला माणूसच वेळेवर फोन करतो.

मात्र यार्स्मांच्याच गटाने १७ हॉस्पिटलांतल्या १,०२३ पेशंटवर मोठा प्रयोग केला, त्याचा निकाल २००८ मध्ये आला. नर्सच्या जादा मार्गदर्शनाने मृत्यू आणि पुन्हा ॲडमिशन यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पचायला जड निकाल, पण त्यांनी तो छापला. आणि माणूस प्रत्यक्षात काय करतो हे मोजणारी वेगळी प्रश्नावली यार्स्मांनी २००३ मध्येच आणली होती. माहीत असणं वेगळं, करणं वेगळं.

आपल्याकडे असा पेपर काढायचा तर मिठाच्या प्रश्नात पापड, लोणचं, फरसाण हवंच हवं. नाहीतर आजोबा भाजीत मीठ कमी घेतात, मार्क पूर्ण मिळवतात, आणि ताटात लोणच्याची फोड असतेच.