अमेरिकेचा अंतराळोद्योग व वर्णसमता : तीन कागदांची साक्ष

अमेरिकेच्या चंद्रविजयाचा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. त्याच काळांत तेथील कृष्णवर्णीयांचा समान हक्कांसाठीं लढा चालू होता. विज्ञानाच्या पाठोपाठ समता आपोआप आली, असा एक समज आढळतो. तीन समकालीन कागद तपासतां तो टिकत नाहीं.

पहिला कागद अध्यक्ष रूझवेल्ट यांचा ता. २५ जून १९४१ चा हुकूम, क्रमांक ८८०२. ए. फिलिप रँडॉल्फ यांनीं राजधानीवर मोर्चा आणण्याचा धाक घातला, तेव्हां तो निघाला. संरक्षणाच्या कारखान्यांत व सरकारी नोकरींत वर्णभेद करूं नये, ही त्यांतील आज्ञा. तदनंतर १९४३ पासून व्हर्जिनियांतील लँग्ली प्रयोगशाळेंत कृष्णवर्णीय स्त्रिया ‘कंप्यूटर’ म्हणून लागल्या. हा शब्द त्या काळीं यंत्राचा नसून हिशेब करणाऱ्या मनुष्याचा वाचक होता. परंतु त्यांची कचेरी निराळी व उपाहारगृहांतील मेजही निराळें. मेजावर वर्णवाचक पाटी असे. मिरियम मान या बाई ती उचलून पिशवींत घालीत. हुकमानें दार उघडलें, पंक्तिभेद मोडला नाहीं. निराळी कचेरी बंद झाली ती १९५८ त, नासा स्थापन झाली त्या वर्षीं.

दुसरा कागद सप्टेंबर १९६० चा शास्त्रीय अहवाल. उपग्रह पृथ्वीवरील इष्ट स्थळावरून जावा यासाठीं अग्निबाण विझतेवेळीं दिगंश किती असावा, हा त्याचा विषय. कर्ते म्हणून स्कोपिन्स्की यांच्याबरोबर कॅथरीन जॉन्सन यांचें नांव आहे. त्या विभागांत स्त्रीचें नांव कर्तृस्थानीं येण्याची ही पहिलीच वेळ. पुष्पिका गळाली कीं पोथीचा लेखक लोपतो, हें संग्राहकांस सांगणें नको. ता. २० फेब्रुवारी १९६२ च्या ग्लेन यांच्या उड्डाणापूर्वीं यंत्राचे आंकडे याच बाईंनीं हातानें पडताळिले. मात्र अहवाल निघाला तेव्हां त्याच व्हर्जिनियांतील प्रिन्स एडवर्ड परगण्यांत कृष्ण व गौर मुलें एकत्र बसवावीं लागूं नयेत म्हणून सरकारी शाळाच बंद होत्या. त्या १९५९ पासून १९६४ पर्यंत बंद राहिल्या.

तिसरा कागद नासाचे प्रमुख टॉमस पेन यांचें ता. १७ जुलै १९६९ चें टिपण. चंद्रयान सुटण्याच्या आदल्या दिवशीं, ता. १५ रोजीं, रे. राल्फ अबर्नाथी गरीब कुटुंबें व खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपणस्थळीं गेले. राष्ट्राचा पंचमांश अन्नवस्त्रास मुकला असतां हा खर्च कां, असा त्यांचा प्रश्न. उड्डाणाची कळ न दाबल्यानें दारिद्र्य हटत असेल तर आम्ही ती दाबणार नाहीं, असें पेन यांनीं उत्तर दिलें. अबर्नाथींनीं अंतराळवीरांसाठीं प्रार्थनाही केली.

या राष्ट्राचा पहिला कृष्णवर्णीय अंतराळवीर, गायन ब्लुफर्ड, अंतराळांत गेला तो ता. ३० ऑगस्ट १९८३ रोजीं; म्हणजे चंद्रावतरणानंतर चौदा वर्षांनीं. सारांश, समता आली ती मागणाऱ्यांच्या रेट्यानें व कामाच्या निकडीनें. अग्निबाणानें ती आणिली नाहीं. आणि हें कळतें तें मुखपृष्ठावरील एका नांवावरून व कचेरींतील एका टिपणावरून. यास्तव असले सुटे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत, एवढीच विज्ञापना.